तिसरी गल्ली, पादचारी शून्य

सुनावणी अकराला सुरू झाली आणि अकरा वाजून बावीस मिनिटांनी संपली. रंगारी वसाहतीतून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. त्यातली निम्मी अजून जिना चढत होती.

“तुमच्या सहाशे बारा हरकती मी वाचल्या,” नगररचना अधिकारी वांगीकर बाई म्हणाल्या. “सगळ्यांत एकच वाक्य आहे. महाभांडार आलं की गर्दी वाढेल. किती वाढेल, कुठे, किती वाजता, हे एकाही अर्जात नाही. मोजता येईल अशी हरकत आणा. नाहीतर प्रतिनगर जे सांगेल ते होईल.”

“आम्ही तिथं राहतो बाई,” राजेशम बोल्ली मागून म्हणाला. आठ यंत्रमागांचा मालक आणि वसाहतीचा पुढारी. “आम्हाला मोजायला लागत नाही. दिसतं.”

“मला दिसत नाही ना,” बाई म्हणाल्या आणि पुढची फाईल ओढली.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या रेणुका येमुलला बाईंचं म्हणणं पटलं, आणि पटलं याचाच तिला राग आला. एकोणीस वर्षं तिने वाहनं मोजली होती. चौकाच्या कोपऱ्यावर छत्री, मांडीवर पॅड, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. ट्रक, बस, रिक्षा, दुचाकी, हातगाडी, पायी, प्रत्येकाला वेगळा रकाना. रेघ सुटली तर ती अंदाजाने भरत नसे. तेवढी पाच मिनिटं रद्द करत असे. मग प्रतिनगर आलं आणि कोपऱ्यावर माणूस बसवायची गरज उरली नाही.

प्रतिनगर म्हणजे शहराची यंत्रातली दुसरी प्रत. शहरात जितकी माणसं, तितके तिच्यात ठिपके. दर जानेवारीत पंधरा दिवस शहरातल्या प्रत्येक फोनची हालचाल टिपली जाई. कोण किती वाजता निघालं, कुठे थांबलं, कुठल्या वेगाने गेलं. फोनला बसणाऱ्या हेलकाव्यांवरून माणूस पायी आहे की गाडीत, हेही कळे. त्यावरून प्रत्येकाचा एक ठिपका तयार होई, त्याच्या सवयींसकट. मूळ नोंदी नंतर पुसल्या जात. लोकांवर वर्षभर पाळत नको म्हणून कायदाच तसा केला होता. उरत ते ठिपके, आणि ते पुढच्या जानेवारीपर्यंत तसेच वागत. पूल असो, शाळा असो, आधी या प्रतीत बांधायची आणि ठिपक्यांचं एक वर्ष तासाभरात पळवून बघायचं. कुठे किती तुंबतं ते समोर येई. हे खरं ठरत आलं होतं. पहिल्या वर्षी यंत्राचे आकडे पडताळायला रेणुकाच्याच हातमोजणीचे कागद वापरले होते. फरक निघाला शेकडा दोन. त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही.

आता बंद गिरणीच्या जागेवर कंपनीचं महाभांडार यायचं होतं. सव्वादोन लाख चौरस फूट, एका छताखाली सुईपासून फ्रीजपर्यंत सगळं, आणि रोज तीनशे मालगाड्या. टेम्पोएवढ्या, बिनचालकाच्या. वसाहतीची वाट गिरणी चौकातूनच होती. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं चौकापलीकडे.

त्या रविवारी बोल्लीने माग बंद ठेवले आणि कारखान्यातच बैठक घेतली.

“यंत्र फोन मोजतंय ना? मग फोनच दाखवू की त्याला,” तो म्हणाला. “आठ रिक्षा आपल्याच माणसांच्या हायत. पोत्यात फोन भरायचे आणि चौकात घिरट्या घालायच्या. बघा मग कसं तुंबतंय.”

“आमच्या हिच्या फोनला वेगळी रिक्षा लागेल,” एकजण म्हणाला. “तो कधी गप्पच बसत नाही.”

“तुमचा राहू द्या घरी,” त्याची बायको म्हणाली. “त्याला कोण विचारतंय.”

हसू ओसरल्यावर रेणुका म्हणाली, “पोत्यात भरून चालणार नाही. चारशे फोन एका जागी, एका वेगाने. यंत्र पहिल्याच फेरीत ते बाजूला काढेल.”

“मग कसं चालेल?” बोल्लीने विचारलं.

इथे ‘नाहीच चालणार’ म्हणता आलं असतं. पण एवढ्या माणसांसमोर तिला तिच्या कामातलं कोणी बऱ्याच वर्षांनी विचारत होतं.

“वेगवेगळं निघावं लागेल,” ती म्हणाली. “एका रिक्षात चारच फोन, म्हणजे चार माणसं. चौक ओलांडायचा, पलीकडे दहा मिनिटं थांबायचं, परत यायचं. रोज वेळ थोडी मागेपुढे. माणूस कधीच नेमका निघत नाही.”

“बघा,” तिची थोरली बहीण पद्मा मांडीवरच्या सुपात विडी वळता वळता म्हणाली. “एकोणीस वर्षं उन्हात बसली, ती काय उगाच?”

“पण अक्का, आठ रिक्षांत चार-चार म्हणजे बत्तीसच झाले.”

“माझ्या ओळखीचे शंभर रिक्षावाले हायत,” बोल्ली म्हणाला. “तू वेळापत्रकाची वही घाल.”

तिने वही घातली. चार दिवस, पंचेचाळीस पानं. चौकात सर्वांत जास्त गर्दी सकाळी नऊ ते साडेदहा, म्हणून जास्तीत जास्त फोन त्या वेळेत हवे होते. पुरुष कामावर फोन नेत; त्यांचे मिळणार नव्हते. बायकांचे मिळत होते. वसाहतीतल्या बायका नऊच्या सुमाराला आदल्या दिवशी वळलेल्या विड्या टोपलीत घालून तिसऱ्या गल्लीने ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या जमा केंद्रावर जात आणि नवं पान, तंबाखू घेऊन साडेदहाच्या आत परतत. त्या दीड तासात फोनचं त्यांना काही काम नसे.

पाचव्या पानावर तिचं पेन थांबलं होतं. या बायकांचे फोन चौकात असतील, तर तिसरी गल्ली यंत्राला रिकामी दिसेल. पण रिकामी दिसली तर बिघडलं काय? मालगाड्या पुढच्या फाटकातून येणार होत्या. तिने पान उलटलं.

जानेवारीचे पंधरा दिवस वही बिनचूक पाळली गेली.

मार्चमध्ये अहवाल आला. बोल्लीने तो कारखान्याच्या भिंतीवर मोठा करून दाखवला. पहिल्याच पानावर लाल अक्षरं होती: गिरणी चौकात सकाळी सरासरी खोळंबा सतरा मिनिटे. मर्यादा सहा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पेढे आणायला पळालं.

रेणुका पुढे वाचत राहिली. तिला तक्ते वाचायची सवय होती. एकेचाळिसाव्या पानावर ‘उपाय’ असं शीर्षक होतं.

“बोल्ली दादा, थांबा.”

“आता काय?”

“परवानगी नाकारलेली नाही. मालगाड्या चौकातून काढल्यात. मागच्या फाटकातून आत घेणार. सकाळी नऊ ते साडेदहा.”

“मागचं फाटक कुठलं? गिरणीचं? ते तर तिसऱ्या...” बोल्ली भिंतीजवळ सरकला.

तक्त्यात ओळ स्वच्छ होती. तिसरी गल्ली, रुंदी अठरा फूट, सकाळी नऊ ते साडेदहा: पादचारी शून्य. खाली टीप होती. गेल्या वर्षी येथे याच वेळेत दोनशे ऐंशी पादचारी आढळले होते. राहणीमान सुधारल्याने महिलांनी रिक्षाचा वापर सुरू केलेला दिसतो.

“म्हणजे आपण श्रीमंत झालो,” पद्माक्का म्हणाली. कोणी हसलं नाही.

“उद्याच जाऊन सांगते,” रेणुका म्हणाली.

“काय सांगशील?” बोल्लीने भिंतीवरचं पान विझवलं. “मोजणीत खोटी भर घातली तर तीन वर्षं. कायदा तूच वाचून दाखवला होतास. फोन कुणाचे? या बायांचे. रिक्षा कुणाच्या? आपल्या. वही कुणाच्या अक्षरातली?”

“मग आता फोन घेऊन जाऊ रोज,” एक बाई म्हणाली.

“आता नेऊन उपयोग नाही,” रेणुका म्हणाली. “पुढच्या जानेवारीपर्यंत यंत्र बघणारच नाही.”

“दहा महिने तर हायत,” पद्माक्का म्हणाली. “भिंतीकडेनं चालू. डोळे हायत की आम्हाला.”

महाभांडार लोखंडी सांगाड्याचं होतं. तीन महिन्यांत उभं राहिलं. जूनच्या पहिल्या सोमवारी नऊ वाजून चार मिनिटांनी पहिली मालगाडी तिसऱ्या गल्लीत शिरली.

या गाड्या आंधळ्या नव्हत्या. समोर काही दिसलं की थांबत. पण कुठल्या रस्त्यावर किती वेगाने जायचं, हे त्यांना प्रतिनगर सांगे. जिथे माणसं चालतात तिथे ताशी पंधरा किलोमीटर; जिथे शून्य, तिथे चाळीस. पंधराने जाणारी भरलेली गाडी ब्रेक लागल्यावर दोन मीटरच्या आत थांबते. चाळीसची थांबायला बारा मीटर घेते. तिसऱ्या गल्लीच्या मध्यावर जुन्या रंगखान्याच्या भिंतीशी वळण होतं. रेणुकाने टेपने मोजलं. वळणावरून पलीकडचं दिसायचं आठ मीटर.

चार मीटर कमी पडत होते. ते भरून काढायला ती स्वतः वळणाच्या अलीकडे, गाडीला लांबून दिसेल अशी, रस्त्याच्या मधोमध उभी राहू लागली. ती दिसली की गाडी थांबे. मग ती बाजूला होई आणि गाडी पुन्हा निघे, पण वेग घेईपर्यंत वळण संपलेलं असे. रोज दीड तासात चाळीसेक गाड्या. त्याच वेळी ती बायकाही मोजत असे. दोनशे एक्क्याऐंशी, दोनशे नव्वद, दोनशे सत्याऐंशी.

“बघा, आमची राणी उभी राहिली,” बायका जाता जाता म्हणत. “सलाम करा गं.”

जून गेला, जुलै गेला. एकदाही काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून बायका हळूहळू भिंत सोडून चालू लागल्या. ऑगस्टमध्ये रेणुकाचे गुडघे सुजले.

“घरी बस आता,” पद्माक्का म्हणाली. “तीन महिने झाले. गाड्या थांबतात गं. परवा कुत्रं आडवं गेलं तर त्याच्यासाठीही थांबली.”

“ते सरळ रस्त्यावर होतं अक्का. वळणावर नव्हतं.”

“तुझं हे वळण! लहानपणापासून तुला सगळ्यात वाईटच दिसतं. पाय धरून बस चार दिवस.”

चार दिवसांचे पंधरा झाले. पायांची सूज उतरल्यावरही ती गेली नाही. का गेली नाही, याचं उत्तर तिने पुढे अनेकदा शोधलं. खरं उत्तर साधं होतं. तिला कंटाळा आला होता, आणि बहिणीचं खरं असावं असं तिला वाटू लागलं होतं.

सप्टेंबरच्या अकरा तारखेला नऊ वाजून बत्तीस मिनिटांनी पद्मा रंगखान्याच्या भिंतीशी वळली. टोपली डोक्यावर होती. मागच्या दोघींशी बोलायला तिने मान वळवली होती. गाडी आठ मीटरवर होती. गाडीला ती दिसली, तिने ब्रेक लावला आणि बारा मीटरनंतर ती थांबली, जशी थांबायला हवी तशीच.

रेणुका पोचली तेव्हा बायकांनी पदरांचा आडोसा केला होता. विड्या गल्लीभर विखुरल्या होत्या. गाडीचे दोन्ही दिवे लुकलुकत होते आणि तिच्या आतून एक गोड आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता, कृपया सुरक्षित अंतर ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून सहा मिनिटांनी पुढची गाडी आली. चाळीसने.

त्या दिवसापासून रेणुका वळणावर परत उभी राहू लागली. तेराव्याचं जेवण आटोपल्यावर ती पद्माच्या नवऱ्यासमोर जाऊन बसली. मल्लेशम तिचा बावा, बहिणीचा नवरा. तो पन्नाशीतच पूर्ण पांढरा झाला होता.

“बावा, मी उद्या वांगीकर बाईंकडे जाणार आहे.”

“कशाला?”

“सगळं सांगायला. वहीचं. फोनचं.”

मल्लेशमने हातातला तांब्या खाली ठेवला. “कंपनीवर केस चालू आहे. गाडीने माणूस मारला म्हणून. तू काय सांगणार? गाडीची चूक नाही म्हणून?”

“गाडीला सांगितलं होतं तिथे कोणी नसतं.”

“कोणी सांगितलं?”

“आपण.”

“म्हणजे तिनंच,” तो म्हणाला. “तिचा फोन रिक्षात होता. तिनं हातानं दिला होता. कागदावर काय लिहिलं जाईल माहीत आहे? ही बाई आपल्या खोटेपणानं मेली. सरकारी कागदावर, कायमचं. तेच पाहिजे तुला?”

“रोज पावणेतीनशे बायका जातात तिथून. जानेवारीला अजून सव्वातीन महिने आहेत. माझे पाय किती दिवस पुरतील?”

“दुसरी वाट धरतील बायका.”

“दुसरी वाट चौकातून आहे. टोपली घेऊन तास जास्त लागतो. दोन दिवस धरतील.”

“मग बोल्लीला विचार. वसाहतीला विचार. सहाशे घरांचा प्रश्न आहे.”

“मार्चमध्ये विचारलं होतं.”

आतल्या दारात पद्माची मुलगी श्रावणी उभी होती. एकवीस वर्षांची, आईच्या जागी आता ती ब्रँचला जाऊ लागली होती. मल्लेशम उठला. “गेलीस तर या दारात पुन्हा येऊ नकोस,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

वांगीकर बाईंनी तिचं म्हणणं पस्तीस मिनिटं ऐकून घेतलं. वही पाहिली. मग वळणावरच्या मोजणीचे कागद पाहिले आणि चष्मा काढून डोळे चोळले.

“दोनशे ऐंशीवरून शून्य,” त्या म्हणाल्या. “टीप मीच वाचली होती. राहणीमान सुधारलं. मला बरं वाटलं होतं.” मग म्हणाल्या, “तुम्हाला कळतंय ना काय होईल? कंपनीवरचा खटला जवळजवळ संपेल. तुमच्यावर सुरू होईल. सहाशे जणांची चौकशी होईल.”

“वही माझी आहे. अक्षर माझं आहे. फोन मी मागितले होते असं लिहा.”

“तसं होतं का?”

“नाही. पण...” ती थांबली. “नाही. झालं तसंच लिहा.”

बाईंनी लिहिलं, तिने सही केली. मग बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. पोलीस चौकशीसाठी न्यायालयाने एका ठिपक्याची ओळख उघडायची परवानगी दिली होती. प्रतीतल्या घड्याळात नऊ वीस झाले होते. पडद्यावर गिरणी चौक होता आणि सिग्नलपाशी एका रिक्षात चार ठिपके अडकले होते. त्यातल्या एकाभोवती पिवळं कडं होतं.

“या तुमच्या बहीण,” वांगीकर बाई हळू म्हणाल्या.

सिग्नल सुटला. कडं असलेला ठिपका चौक ओलांडून पलीकडे गेला आणि थांबला. दहा मिनिटं थांबून तो परत निघणार होता. अकरा सप्टेंबरलाही तो असाच निघाला होता. नऊ बत्तीसला तो चौकापलीकडे सुखरूप उभा होता. उद्याही निघणार होता. वेळ थोडी मागेपुढे करून. ती मागेपुढे वेळ रेणुकाने स्वतः ठरवली होती.

“तुमच्या हातमोजणीवरून मला गल्लीत तात्पुरती दुरुस्ती करता येते,” बाई म्हणाल्या. “तेवढा अधिकार आहे. शेवटचा आकडा?”

“अपघाताआधीचे पंधरा दिवस मी नव्हते. त्याआधीची सरासरी दोनशे सत्याऐंशी.”

“मग या फेऱ्या चौकातून काढून पायी गल्लीत आणते.” बाईंची बोटं थांबली. “यांचं काय करू? नियमाने मृत व्यक्ती जानेवारीपर्यंत राहते. हवं तर गल्लीतून चालू ठेवते. एकीनं काही फरक पडत नाही. उलट गाड्या जरा जास्तच जपून जातील.”

रेणुका पडद्याकडे बघत राहिली. ठिपका चौकापलीकडे उभा होता. त्याला फक्त इकडे आणायचं होतं. मग तो रोज नऊला टोपलीवाल्या बायकांबरोबर तिसऱ्या गल्लीत शिरला असता, रंगखान्याच्या भिंतीशी वळला असता, आणि गाडी पंधराने त्याच्या मागून आली असती.

“सध्या रोज जातात त्यांत ती नाही,” ती म्हणाली. “काढा.”

“नक्की?”

“दोनशे शहाऐंशी लिहा. आणि तिची मुलगी आता जाते. तिचा फोन त्या पंधरवड्यात कॉलेजात होता. तिला धरा.”

पिवळं कडं विझलं. आवाज नाही, काही नाही. तिसऱ्या गल्लीची रेघ निळ्याची तांबडी झाली. दुरुस्ती गाड्यांपर्यंत पोचायला चार सेकंद लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुका वळणावर गेली नाही. तिसऱ्या गल्लीतल्या आपल्या दारातच उभी राहिली. नऊ वाजून पाच मिनिटांनी मालगाडी गल्लीत शिरली, पंधराने, बैलगाडीसारखी. पाठोपाठ दुसरी. दोन्हींच्या पुढून बायका आपापल्या चालीने गेल्या. आजवर वळणावर तिला सलाम करणाऱ्यांपैकी एकीनेही मान वर केली नाही. बोल्लीच्या कारखान्यासमोर पोलिसांची गाडी उभी होती आणि सगळ्यांनी ती पाहिली होती.

शेवटी श्रावणी आली. एकटी. टोपली तिला अजून नीट पेलत नव्हती. ती दाराशी थांबली तेव्हा मागची गाडीही थांबली, तीन मीटरवर, आणि वाट बघत राहिली.

“पिन्नी,” श्रावणी म्हणाली. वसाहतीत धाकट्या मावशीला तसंच म्हणतात. “किती वेळ लागला हे बदलायला?”

रेणुकाने तिला खरं ते सांगितलं. “चार सेकंद.”

श्रावणीने मान हलवली. टोपली सावरली आणि ती भिंतीकडेनं चालू लागली. तिने वळण पार करेपर्यंत गाडी जागची हलली नाही.